‘सून काळी पाहिजे’ची मालकी

मी, प्रेमानंद धोंडबा गजभिये, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी टीव्ही मालिकांचा मेकअपमन, सध्या घरीच, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेलो नाही. पण अर्धवट मेकअपवर मी कधी कोणाला खुर्चीतून उठू दिले नाही, म्हणून हेही काम पुरे करून मगच टेबलावर झोपणार. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून फशी पाडलेले नाही. मागच्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. का, ते पुढे येईलच.

१. इंदोऱ्यातले घर, गच्चीसह, माझी पत्नी सरिता हिला. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये आणि तिला ‘आमच्याकडे राहायला चल’ असा आग्रह करून त्यातून हलवू नये. मी सव्वीस वर्षे मुंबईत परक्यांची तोंडे रंगवत होतो, तेव्हा हे घर तिने एकटीने उभे केले. कागदावर नाव माझे लागले, ती चूक दुरुस्त करतो. तिच्यानंतर घर अश्विन आणि दीक्षा या माझ्या दोन मुलांना सारखे. बँकेत असेल नसेल तेही सरिताचे.

२. मोटारसायकल अश्विनला. बुटीबोरीला जाणारी कंपनीची बस चुकली की तो हीच गाडी नेतो आणि टाकी कोरडी करून आणून ठेवतो. माझ्यामागे तरी पेट्रोल भरावे.

३. मेकअपची पेटी, ब्रश, स्पंज आणि बल्बांचा आरसा शेजारची माया हिला. ती सीताबर्डीला नवऱ्या सजवते, हात चांगला आहे. अट एकच: नवरीला तिच्याच रंगाची नवरी करावी. मागे उभी राहून तिची आई ‘जरा गोरी कर नं वं’ म्हणाली तरी ऐकू नये.

४. पेटीतला सर्वांत गडद फाउंडेशनचा डबा मात्र मायाला नाही. तो दिग्दर्शक मार्तंडसाहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी.

हा डबा कशाला लागायचा ते लिहितो, कारण मालिका बघणाऱ्यांना ते माहीत नसते. घरातली मोलकरीण, चोर, दारुडा, झोपडपट्टीतला गुंड, सगळे या एकाच डब्यातून निघायचे. गरीब घरची सावळी नायिकासुद्धा. त्या भूमिकेसाठी गोरीपान नटी निवडायची, रोज दीड तास मी तिला काळी करायचो आणि लग्नानंतरच्या एखाद्या भागात तो रंग धुऊन टाकायचा, म्हणजे सासूने म्हणावे, पोर किती खुलली! नोकराच्या तोंडी भाषा कोणती, तर आमची. ‘प्रेमानंद, याला जरा नागपुरी शिकव, लोक हसले पाहिजेत,’ असे मार्तंडसाहेब म्हणायचे. मी शिकवायचो. नट ‘काहून’ म्हणाला की सेट हसायचा, आणि सेटबरोबर मीही. माझी आई देवकी जन्मभर हीच भाषा बोलली. मला याची लाज वाटते, आणि ती वाटली पाहिजे.

दोन हजार साली दीक्षा नऊ वर्षांची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे मुंबईला आली होती. मोलकरणीच्या मुलीचे काम करणारी पोर त्या दिवशी आली नाही, तेव्हा मीच फुशारकीने दीक्षाला पुढे केले. माझी लेक टीव्हीवर दिसणार म्हणून इंदोऱ्यात फोनसुद्धा करून ठेवला. मार्तंडसाहेबांनी मॉनिटरवर पाहिले आणि म्हणाले, ‘हिचा काळा रंग खरा वाटत नाही. मार अजून.’ मी माझ्या सावळ्या लेकीच्या तोंडावर त्या डब्यातले दोन हात मारले. ती आरशात बघत होती.

‘बाबा, मी कमी काळी आहो का?’

‘उगी राय. डोये मीट,’ मी म्हणालो.

मार्तंडसाहेबांशी माझे भांडण आहे ते आहे. पण स्पंज माझ्या हातात होता.

५. चित्रपट.

निवृत्त होऊन नागपूरला आल्यावर मी ‘सून काळी पाहिजे’ हा चित्रपट लिहिला आणि काढला. शूटिंग हिंगण्याच्या एका बंद शेडमध्ये आणि आमच्या गच्चीवर झाले. कपडे चंपतरावांनी शिवले, मुख्य काम वेदिकाने केले. गोष्ट अशी की एका मालिकेवाल्याला काळी सून हवी असते. शंभर काळ्या मुली रांगेत उभ्या राहतात. साहेब एकेकीला बघून म्हणतो, ‘इतकी खरी नको, कॅमेऱ्याला सवय नाही,’ आणि शेवटी आपल्या गोऱ्या भाचीला घेऊन रंगवायला बसवतो. मग रांगेतल्या मुलीच त्याच्या मेकअपमनला चुका दाखवू लागतात: कान राहिले, मान राहिली, तळहात कशाला काळे केले गा?

सीताबर्डीच्या एका लहान हॉलमध्ये पहिला खेळ केला. लोक पोट धरून हसले. शेवटच्या सात मिनिटांत मेकअपमन स्वतःच्या लेकीला रंगवतो, आणि ती जे विचारते ते वर लिहिलेच आहे. तिथे हसणे बंद झाले. मी मागे उभा राहून ती शांतता ऐकली आणि मला वाटले, फिटले.

महिन्याभरात एका वाहिनीचा माणूस घरी आला. चित्रपट घ्यायला तयार, फक्त शेवटची सात मिनिटे काढा, लोक खूश होऊन उठले पाहिजेत. अश्विन म्हणाला, ‘बाबा, सात मिनिटानं काय फरक पडते? निदान लोक पाहतीन तरी.’ मी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावले. ती सात मिनिटे काढली तर उरतो काळ्या पोरींवरचा आणखी एक विनोद, आणि तसले मी सव्वीस वर्षे पुरवले आहेत. म्हणून मागच्या मृत्युपत्रात मी चित्रपट दोन्ही मुलांच्या नावे करून अट घातली होती की एक क्षणही कोणी कापू नये. ते लिहून मी छाती काढून फिरत होतो.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या पहिल्या खेळाला दीक्षा आली होती आणि शेवट होण्याआधी उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. चप्पलही काढली नाही.

‘हे तुमी लोकाइले दाखवलं,’ ती म्हणाली. ‘मले इचारलं का?’

मी म्हणालो, ‘तुई माफी मागासाठीच तं काढला पिक्चर.’

‘मंग माह्यापाशी मागाची होती. तवा मले न इचारता लावलं, आता न इचारता दाखवलं. तुमाले सारे हॉलभर लोक दिसले बाबा, मीच नाई दिसली.’

त्यानंतर ती आईला भेटायला येते, मी बाहेर गेलेलो असताना. एक वर्ष झाले.

तेव्हा आता असे लिहितो. ‘सून काळी पाहिजे’ या चित्रपटाची सर्व मालकी, मूळ प्रत, हार्ड डिस्क आणि पटकथेच्या दोन वह्या माझी मुलगी दीक्षा हिला, एकटीला. अश्विनने यात हक्क सांगू नये, समजावायलाही जाऊ नये. तिने चित्रपट दाखवावा, कुलपात ठेवावा, सात मिनिटे कापावीत, त्या वाहिनीला द्यावा किंवा गच्चीवर नेऊन जाळावा. एकही अट नाही. ती सात मिनिटे मला माझ्या झडपेपेक्षा प्यारी आहेत. तरी एकही अट नाही.

६. मी गेल्यावर बुद्धवंदना घ्यावी, त्रिशरण-पंचशील म्हणावे, बाकी काही नको. भाषण तर कोणाचेच नको.

या मृत्युपत्राची व्यवस्था अॅड. दामिनी यांनी पाहावी.

खोडाखोडीबाबत: कलम ५ च्या शेवटी एक ओळ मी स्वतः खोडून तिच्यापुढे सही केली आहे. उद्या त्या जागेवरून कोणी कोर्टात वाद घालू नये म्हणून ती इथे नोंदवतो. ओळ अशी होती: ‘एवढ्यावर दीक्षाने मला माफ करावे.’ दामिनीबाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘काका, मृत्युपत्रात द्यायचं राहते. मागायचं नाई.’ तेव्हा खोडली. सोमवारला अजून पाच दिवस आहेत. इथली सही झाली की मी दीक्षाच्या घरी जाणार आहे.

लिहून देणार: प्रेमानंद धोंडबा गजभिये (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार
१. चंपतराव नारायण बोरकर, शिंपीकाम (सही)
२. वेदिका सुरेश ढोके, नोकरी (सही)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५