बेबीताईनं जिंकलेला बैल

नेर,
१४ जुलै २०२५

चि. उकंडास,
बेबीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सारं बरं आहे. कानाचं मशीन पुन्हा बिघडलं. फोनवर तुहं अर्धं बोलणं मले ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं नात सांगत नाही. त्यापेक्षा कागद बरा.

आता काम सांगते. आपल्या अपेक्षानं मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या लिलावाचं एक ॲप दाखवलं. त्यात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल होता. सागवानी, चार चाकांचा, डावं शिंग जरा तुटलेलं. बाबांनी तुह्यासाठी घडवला होता अगदी तसा. मी बोली लावली. अमरावतीचा कोणी एक जण चढत गेला, मीही चढत गेली. अपेक्षा म्हणे, आजी, बस कर. मी कायले बस करते? जिंकली मी.

पैसे भरून पंधरा दिवस झाले. ते ॲपवाल्याकडे अडकून आहेत. सेलर ‘पाठवलं’ असं दाबेल तेव्हा त्याले मिळतील. पण तो ना बैल पाठवते, ना उत्तर देते. अपेक्षानं बारा निरोप टाकले. वाचल्याची खूण येते, पण मूग गिळून बसला आहे. पंधरा ऑगस्टले व्यवहार आपोआप मोडते म्हणे.

त्याचं नाव ‘पैनगंगा कलेक्शन’, गाव उमरखेड. तू तिथंच राहतोस, तहसिलीत कारकुनी करून साऱ्या गावले ओळखतोस. जरा त्या माणसाचा पत्ता काढ. रागावू नोको त्याच्यावर. नुसतं विचार, काहून बोलत नाही म्हणून.

माही भावजय पुष्पा गेल्यापासून तू वेळेवर जेवतोस की नाही, तेही लिही. माही माया आहेच, तुही कमी होऊ देऊ नोको.

तुही बहीण,
बेबीताई

उमरखेड,
२१ जुलै २०२५

ती. बेबीताईस,
उकंडाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. सदर विक्रेत्याबाबत बसस्टँड व बाजारात चौकशी केली असता त्या नावाचे दुकान कोठेही आढळून आले नाही. ऑनलाइनवर लोक वाटेल ती नावे लावतात. तरी व्यवहार रद्द करून पैसे परत घ्यावेत, असे माझे मत आहे. बैलच हवा असल्यास नागपूरला नवे चांगले मिळतात. मी आणून देईन.

चिरंजीव रजत मला पुण्याला कायमचा बोलावतो आहे. दिवाळीनंतर जाईन म्हणतो. घरातले सामान कमी करणे चालू आहे. जेवण वेळेवर होते, काळजी नसावी.

आहे तो लोभ जपावा, ही विनंती.

तुझा,
उकंडा

नेर,
२६ जुलै २०२५

चि. उकंडास,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र उघडलं तर मले वाटलं तहसिलीतून नोटीस आली. तू घाबरला की असाच कागदी बोलतोस, लहानपणापासून.

नवा बैल मले नोको. तान्ह्या पोळ्याले तू बैल ओढत निघायचा, घरोघरी तुले बोजारा मिळायचा, खाऊ नि चार-आठ आणे. पोरीनं बैल ओढू नाही म्हणत, म्हणून मी दारात उभी राहून पाहायची. साठ वर्षं झाली, तरी ते मनातून उतरत नाही. हसू नोको म्हातारीले.

त्या सेलरच्या मनात काही तरी आहे बाप्पा. लबाड असता तर डब्यात गोटे भरून पाठवले असते आणि पैसे घेऊन मोकळा झाला असता. हा ना देते, ना मोडते. पुन्हा एकदा शोध त्याले. म्हणावं, नेरची बाई रागावली नाही, नुसती वाट पाहून राह्यली.

जिथं राहशील तिथं बहिणीची आठवण ठेव.

बेबीताई

उमरखेड,
१ ऑगस्ट २०२५

ती. ताई,
शि. सा. न.

तो माणूस सापडला. तो मीच आहो.

घर आवरताना रजतनं ते ॲप माह्या मोबाइलमध्ये टाकून दिलं, नावही त्यानंच ठेवलं. मी पितळी भांडी मांडली, बंद पडलेलं घड्याळ मांडलं, आणि बैलही मांडला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर त्याले कोण ओढणार? लिलाव संपला आणि घेणाऱ्याचा पत्ता आला, तर तुह्या घराचा.

बाबा गेले त्या साली तू हा बैल मागितला होता. वावर मागितलं नाही, दागिना मागितला नाही. मी म्हटलं, बैल पोराच्या घरचा, पोरीकडं जात नाही. तू चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली. त्यानंतर आजवर तू माह्याजवळ काहीच मागितलं नाही. आणि तोच बैल मी बाजारात मांडला.

‘पाठवलं’ दाबू तर बहिणीकडून पैसे घेतल्यासारखं होते. व्यवहार मोडू तर तुह्या हातून बैल जाते. म्हणून रोज तुहे निरोप वाचायचो आणि मोबाइल पालथा ठेवून द्यायचो. वरून तुले खोटंही लिहिलं. ताई, मले लाज वाटते.

नऊ तारखेले राखी आहे. मी व्यवहार रद्द करतो आणि बैल ओवाळणीत टाकतो. तू नाही म्हणू नोको.

मन होईल तेवढा लोभ ठेव.

तुहा उकंडा

नेर,
५ ऑगस्ट २०२५

चि. उकंडास,
पोटभर आशीर्वाद.

अरे वेड्या, मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. बाबाच्या हातचा बैल मी ओळखणार नाही काय? फोटोत मागची भिंतही तुह्याच ओसरीची होती. तुह्या तोंडून यावं म्हणून थांबली होती. बैलाची मले धास्ती नव्हती. भाऊ मले खोटं लिहून पुण्याले निघून जाते का, त्याची होती. तुहं पत्र वाचून मी रडली, तर अपेक्षा घाबरून विचारते, सेलरनं फसवलं काय म्हणून.

पण ओवाळणीत मले बैल नोको. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीची, आणि ती मर्जी मी एकदा पाहिली आहे. फोटो पाहून तुलेच मागता आला असता, पण दुसऱ्यांदा मागायची माही हिंमत नव्हती. लिलाव बरा. तिथं पोरगा की पोरगी, कोणी विचारत नाही. ज्याची बोली मोठी, त्याचा माल. जन्मात पहिल्यांदा बाबाची वस्तू मी हक्कानं घेतली आहे. तेव्हा चुपचाप ‘पाठवलं’ दाब आणि पैसे घे. राखी या पाकिटात आहे. ओवाळणीची साडी वेगळी आणजो.

पार्सल करू नोको. तेवीस तारखेले तान्हा पोळा आहे. बैल मांडीवर घेऊन पुसदवरून गाडीनं ये. संध्याकाळी गल्लीतून मी तो स्वतः ओढणार आहो. अपेक्षाले लाज वाटते म्हणे, वाटू दे. सत्तरीची बाई बैल ओढते म्हटल्यावर लोक दारात येतील, विचारतील, बैल कोनाचा म्हणून. मी काही बोलणार नाही. तू सांगजो, ताईचा आहे.

बाकी माया भेटीत.

बेबीताई