नारूचं तीर्थ

उस्मानाबाद, ता. २ मार्च १९५८

॥ श्री ॥

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या अंबादासाचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. पत्रास कारण नेहमीचंच, तेव्हा तुमच्या कपाळाला आठी पडणार हे धरूनच लिहितो. आपल्या महादेवाच्या बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवण्याचा हुकूम निघाला आहे. हुकूम आमच्याच कचेरीचा, आणि तो बजावायचं काम सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून माझ्या गळ्यात आलं आहे.

नारूचा माणूस पाण्यात पाय बुडवतो, फोडातून नारूची पिल्लं पाण्यात उतरतात, पाण्यातले बारीक किडे ती गिळतात, ते किडे आपण पितो आणि वर्षभरानं आपल्याच पायातून दोऱ्यासारखा लांब नारू निघतो. हा शोध लागून जवळजवळ नव्वद वर्षं झाली. आपल्या केसरसूरला यायला त्याला मोटार मिळाली नाही, एवढंच. आपल्याकडे तर दर सोमवारी चार गावचे नारूवाले येतात, तुम्ही त्यांना बारवेत गुडघाभर पाण्यात उभं करता, पायावर मंत्राचं पाणी सोडता आणि त्याच बारवेतलं तीर्थ साऱ्यांना देता. नारूचा कारखाना काढायचा म्हटला तरी याहून चांगला निघायचा नाही.

रागावू नका. आपल्या सरूचा गुडघा गेल्या वर्षी नारूनं आखडला तो कुठल्या पाण्यानं, याचा बाप म्हणून एकदा विचार करा. बारा वर्षांची पोर भिंत धरून चालते. गाव ऐकेल तर तुमचंच ऐकेल. जत्रेआधी तुम्ही शब्द टाकलात तर माझं काम सोपं होईल. वहिनींना नमस्कार. या पत्रापायी माया उणी होऊ देऊ नये.

आपला,
अंबादास

केसरसूर, फाल्गुन व. ४, शके १८७९

॥ श्रीमहादेव प्रसन्न ॥

चि. अंबादास यास राघवेंद्राचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती घाबरली. मला हसू आलं. हैदराबादला तू शिकत होतास तेव्हा तुझ्या खोलीवर जे शिजत होतं ते याच तीर्थाच्या शिध्यातलं. त्या तांदळात तुला तेव्हा किडे दिसले नाहीत. आता सरकारनं गटारं हुंगायला ठेवल्याबरोबर तुला देवाच्या पाण्यालाही वास येऊ लागला.

बारवेचा मान आपल्या घरात पाच पिढ्या आहे. बब्रुवान पाटलाच्या धाकट्याचा नारू मी उतरवला. पाटील आजही माझ्या पायाला हात लावल्याखेरीज पेरणीला जात नाही. त्याचा थोरला गेल्या वैशाखात नारू पिकून गेला, तो मात्र त्याच्या आयुष्याचा हिशेब. सरूचंही प्रारब्धच. पोरीच्या गुडघ्याचं भांडवल करून बापाला शहाणपण शिकवू नकोस.

आणि हेही ऐक. आठवडा झाला, माझ्याच उजव्या घोट्यावर फोड आला आहे. अंगार ठेवल्यासारखी आग होते. बारवेत पाय सोडला की त्या क्षणी थंड. याचं उत्तर तुझ्या पुस्तकात असेल तर ते घेऊन जत्रेला ये आणि चार माणसांत सांग. मी तिथंच उभा असेन. तब्येतीस जपावे. वडीलकीचा धाक सुटला तरी माया सोडू नये, ती इकडून सुटलेली नाही.

तुझा,
दादा

उस्मानाबाद, ता. २० मार्च १९५८

॥ श्री ॥

तीर्थरूप दादांच्या चरणी अंबादासाचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

मागल्या पत्रात माझी जीभ सैल सुटली, पोटात घाला. तुमचं पत्र आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले की इतक्या वर्षांचं तीर्थ असं एका हुकुमानं मोडणं बरं नव्हे, आधी त्याचा गुण पाहायला हवा. तेव्हा आम्ही दोघं चैत्री पौर्णिमेला जत्रेत येतो. काचेचं एक पसरट भांडं आणि सूक्ष्मदर्शक यंत्र बरोबर आणू. तुम्ही देवळासमोर चौरंगावर बसायचं, तीर्थाच्या पाण्यात पाय ठेवायचा, मंत्र म्हणायचा. पाण्यात काय गुण उतरतो ते गावकरी एकेक करून डोळ्यांनी पाहतील. तुमच्या बारवेची कीर्ती पार मुंबईपर्यंत जाईल.

एकच विनंती. तोवर त्या पायाला पाण्याचा थेंब लावू नका, म्हणजे गुण उठून दिसेल. आग होईल, पण तुमच्यासारख्याला दहा-पंधरा दिवस काय जड आहेत! सोवळं नेसूनच या. सरूलाही पुढं बसवा. मान सगळा तुमचाच आहे. धाकट्यावर कृपादृष्टी आहे ती राहावी.

आपला,
अंबादास

केसरसूर, चैत्र व. ३, शके १८८०

॥ श्री ॥

चि. अंबादास भावजींस वनमालावहिनीचे आशीर्वाद.

तुम्ही जत्रेतून परस्पर साहेबांच्या जीपमधून गेलात. घरी पुरणाचा स्वयंपाक केला होता, तो गाईला घातला.

तुम्ही लिहिलंत म्हणून त्यांनी पाय कोरडा ठेवला. रात्र रात्र दातात उपरणं धरून बसायचे. मी चोरून ओलं फडकं घेऊन गेले तर मला ढकललं, म्हणाले की अंब्यानं मान राखलाय माझा, मी त्याचा राखला पाहिजे. जत्रेदिवशी रेशमी सोवळं नेसून, घोड्यावर बसल्यासारखे ताठ निघाले. पाय भांड्यात ठेवला आणि फोडातून दुधासारखं पांढरं पाण्यात उतरलं. बायांनी हात जोडले. त्यांना वाटलं, हाच गुण.

मग तुम्ही त्यातला थेंब यंत्राखाली धरलात आणि पहिल्यांदा बब्रुवान पाटलाला बोलावलंत. गावात एवढी माणसं होती, भावजी, तुम्ही नेमका त्यालाच निवडलात. तो वाकून बघत राहिला. वळवळतंय ते काय म्हणून त्यानं विचारलं. थोरल्याच्या पोटात गेलं ते हेच का, असंही विचारलं. तुम्ही होय म्हणालात. कुणी पाजलं म्हणाला, तेव्हा तुम्ही हातातली छडी भावाकडे केलीत. एवढ्यानं भागलं नाही म्हणून सरूला उठवून लोकांपुढं चालवलीत आणि सांगितलंत की ही महाराजांची स्वतःची मुलगी, हिलाही त्यांनीच पाजलं. पोर चार पावलांत पडली. तिला उचलायला साहेब आले, तुम्ही नाही.

ओळीत शेवटी हे स्वतः उठले. एक डोळा मिटून फार वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून इतकी असतात का, एवढंच विचारलं. तुमचं शास्त्र खरं असेल. ते घरात बसून, दार लावून, भावाला एकट्याला दाखवता आलं असतं. त्यांनी पाहिलं असतं. यंत्रापुढं ते अडले नाहीत, तुम्ही पाहिलंतच. तब्येत सांभाळा. घर तुमचंही आहे, हे मला लिहावं लागतंय याचं दुःख वाटतं.

वनमाला

उस्मानाबाद, ता. २८ एप्रिल १९५८

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस अंबादासाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर आहे. दार लावून दाखवलं असतं तर दादांनी दाराआडच काहीतरी उत्तर काढलं असतं, आणि सोमवारी पुन्हा पायरीवर उभे असते. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो, मला ते तुमच्याहून जास्त ठाऊक आहेत.

आणि फळ बघा. आमच्या कचेरीनं कित्येक वर्षं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या म्हणून नोटिसा डकवल्या, दवंड्या पिटल्या, चित्रं वाटली. एक पायरी बुजली नाही. जत्रेनंतर चौथ्या दिवशी पाटलानं स्वतःच्या गाड्यांनी दगड आणून बारवेच्या पायऱ्या बुजवल्या आणि कठडा बांधून काढला. जे कागदानं झालं नाही ते दादांच्या एका पायानं झालं. माणसाला पटवत बसलं तर पिढी जाते. लाजवलं की आठवडा पुरतो. साहेबांनी वर तसा अहवाल पाठवला आहे आणि ही पद्धत त्यांना सगळ्या तालुक्यात हवी आहे.

म्हणून एक काम सांगतो. दादांचा नारू अजून पुरता निघाला नसेल तर रोज काडीवर गुंडाळून बाहेर ओढणं थांबवा, थोडा आत राहू द्या. पुढच्या महिन्यात तुळजापूरला आरोग्य प्रदर्शन भरतंय. तिथं त्यांना चौरंगावर बसवायचं आहे. सोवळ्यासकट आले तर परिणाम चांगला होतो. न्यायला गाडी पाठवतो. त्यांनाही चार माणसांत बसल्यानं बरंच वाटेल. सरूला पापा. तुमची माया माझ्यावर पूर्वीपासून आहे, ती अशा लहान गोष्टीनं आटणार नाही अशी खात्री आहे.

आपला,
अंबादास

केसरसूर, वैशाख व. ४, शके १८८०

॥ श्री ॥

चि. अंबादास भावजींस वनमालावहिनीचे आशीर्वाद.

तुमचं पत्र मी लपवणार होते, त्यांनी मागून घेतलं. वाचून झाल्यावर पायातला नारू दोन्ही हातांनी धरून ओढला. तो मधेच तुटून निम्मा आत राहिला. आता पाय मांडीपर्यंत सुजला आहे आणि अंगात ताप आहे. गाडी पाठवू नये. चौरंगावर बसवण्याजोगे ते राहिलेले नाहीत.

इकडची हकीकत तुम्हाला कुणी कळवली नसेल. जत्रेनंतर ते काठी टेकत घरोघर गेले. ज्याला ज्याला तीर्थ दिलं होतं त्याच्या दारात उभं राहून सांगत होते की तुम्हाला म्याच पाजलं. हो, म्या म्हणाले, गावच्या माणसासारखं. बब्रुवान पाटलाच्या बायकोनं चुलीतली राख अंगावर टाकली. ते तसेच पुढच्या दारी गेले. सरू बापाच्या हातचं पाणी घेत नाही. त्यांनी तांब्या पुढं केला की तोंड फिरवते, आणि ते तांब्या खाली ठेवून बाहेर जातात.

नव्या कठड्यावर तुमच्या कचेरीनं पाटी लावली आहे की नारूच्या माणसाने विहिरीस हात लावू नये. नारू गावात अजून पाच-सहा घरांत आहे, पण पाटी गावानं आमच्या घरापुरतीच वाचली. रहाटाला मलाही शिवू देत नाहीत. आम्ही घागर घेऊन खाली थांबतो, कुणाला दया आली तर वरून ओततं.

परवा घरात थेंब नव्हता आणि ते तापात पाणी पाणी करत होते. त्यांना धरून विहिरीपर्यंत नेलं. वर गावकुसाबाहेरची धुरपदाबाई पाणी ओढत होती. बारव बंद झाल्यापासून तिच्या वस्तीलाही रहाट मोकळा झाला आहे, हे मात्र चांगलं झालं. आमच्या सासूबाई असताना ती याच जागी ओंजळ धरून बसायची आणि सासूबाई लांबून, वरून ओतायच्या. तिनंही तेवढ्याच उंचीवरून ओतलं. तिच्यावर माझा राग नाही, तिला ती उंची आमच्याच घरानं शिकवली. यांनी ओंजळ तोंडाला लावली तशी ती वरून म्हणाली की महाराज, तसंच पिऊ नगा, धाकल्या सायबानं सांगितलंय, गाळून प्या. कठड्यावरच्या साऱ्या बाया हसल्या. यांनी ओंजळ सोडून दिली. मी पदर दुहेरी करून त्यांच्या हातावर धरला, आणि तिनं पुन्हा ओतलं.

तुमच्या अहवालात लिहायचं राहिलं असेल तर लिहा, गाव सगळं शिकलं आहे. लोभ असावा असं या घरातून आता कुणी म्हणायचं उरलं नाही.

वनमाला