सदर पत्त्यावर राहत नाही

धुळे,
१६ जुलै १९८९

तीर्थरूप भाऊ यांस,
कलाचा साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुम्ही, बेबावहिनी आणि मुलं बरी असाल. चक्कीचा पट्टा सारखा तुटतो असं वहिनीनं मागच्या कार्डात लिहिलं होतं. तो बदलला की अजून शिवूनच चाललंय?

कॉलेज सुरू झालं. यंदा मला एकदाचा माझा विषय शिकवायला मिळाला. इतकी वर्षं नगरपालिका आणि जिल्हा परिषद शिकवून माझ्याच तोंडाला फेस आला होता. बाईनं फौजा, सीमा, शस्त्रं हे शिकवलं तर पोरं हसतील, असं आधीच्या प्राचार्यांचं मत. नवे प्राचार्य म्हणाले, हसू द्या, निदान वर्गात तरी बसतील. पोरं बसतात आणि हसतही नाहीत. एकानं विचारलं, "मॅडम, देश सुरक्षित आहे हे कळतं कशावरून?" मी पीएच.डी. केली, पुण्याला भाषणं दिली, पण त्या पोराला सरळ उत्तर देता आलं नाही.

आता मुख्य बातमी. स्वीडनमधल्या एका संशोधन संस्थेनं मला एका शैक्षणिक वर्षासाठी बोलावलंय. शेजारी देश एकमेकांना का घाबरतात, यावरचा माझा लेख त्यांना आवडला. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. आपल्या विषयात अशी संधी खानदेशातल्या कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फुशारकी मारत नाही, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

पासपोर्ट मात्र अडकलाय. कायमचा पत्ता म्हणून मी एरंडोलचं घर लिहिलं होतं. तिथे चौकशीला पोलीस येऊन गेला म्हणे. पासपोर्ट कचेरीतून मला कळवलंय: 'कु. कलावती धोंडू महाजन ही सदर पत्त्यावर राहत नाही. सुकदेव धोंडू महाजन, धंदा पिठाची चक्की, हे अर्जदाराशी नातं असल्याचं नाकारतात. शेजारीही ओळखत नाहीत.'

कागद हातात आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. माझा चेहरा बघून बाकीच्यांना वाटलं, माझं सिलेक्शन रद्द झालं.

धरणगावच्या स्थळाला मी नाही म्हटलं, त्याला आता सहा वर्षं होतील. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'आता तुझं तू बघ.' मी ते रागातलं बोलणं समजत आले. दिवाळीला येते, तुम्ही ताट वाढायला लावता, चक्कीवर निघून जाता, मी परत धुळ्याला येते. एवढं तरी चालू आहे, असं मी मनाशी म्हणायची. पण पोलिसापुढे, सरकारी कागदावर, नातंच नाही म्हणावं?

परत अर्ज केला तर परत चौकशी होईल. करावा की नको, तेवढं कळवा. तुमच्या मनातच नसेल तर मी तुमच्या दाराशी पुन्हा पोलीस पाठवणार नाही.

वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपली,
कलावती


एरंडोल,
ता. २२ जुलै

चि. कला हीस,
सुकदेवचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वहिनीनं दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. पट्टा बदलला.

मला लिहायची सवय नाही म्हणून सरळ लिहितो. सायकलवर पोलीस आला. चक्कीवर गर्दी होती. त्यानं विचारलं, कलावती महाजन इथलीच का, काय करते, कुठं जाते, कोणाला भेटते. पासपोर्टाचं नाव काढलं असेल नसेल, चक्कीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दिवाळीला तू आलीस तेव्हा ओट्यावर नकाशे पसरून बसली होतीस. एकीकडे पाकिस्तान, एकीकडे चीन, वर लाल पेन्सिलीच्या रेघा. तुला परदेशातून पुस्तकं येतात हे पोस्टमन सगळ्या गल्लीला सांगतो. पेपरात तर रोज येतं, अमक्याला पकडलं, तमक्यानं नकाशे विकले. मला वाटलं, आमची पोर भलत्याच भानगडीत सापडली. मी सांगून टाकलं, "या नावनी आमनी कोनी पोर नई."

तो शेजाऱ्यांना विचारायला निघाला, तसा मी मागच्या दारानं गल्लीत सांगून आलो. सगळ्यांनी नाही म्हटलं. सुगंधाबाई तर म्हणाली, "असी पोर मी कधी दखी बी नई." तुझ्या वेण्या घालून घालून तिचे हात दुखायचे.

तो गेल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुला कळवावं तर पत्र कोणी फोडेल ही भीती. आणि तू तिकडे हे समजून बसलीस.

सहा वर्षांचं म्हणशील तर धरणगावच्या लोकांपुढे माझी मान खाली गेली होती, ते खरं आहे. पण राग वेगळा आणि बहीण वेगळी. ताट वाढून चक्कीवर जातो कारण तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तू शिकलेली. मी पिठाचं काय सांगू.

मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. मोठे साहेब हसले. म्हणाले, बाईंना परत अर्ज करू द्या, आम्ही परत माणूस पाठवू. तर अर्ज कर. आणि श्रावणात कानबाईच्या सणाला घरी ये. पाच वर्षं तू कानबाईला आली नाहीस. पेपर तपासायचे असतात म्हणतेस.

पत्रात तू मला तुम्ही, आपण असं लिहिलंस. ते बरं वाटलं नाही.

सुकदेव


उप्साला, स्वीडन,
२० नोव्हेंबर १९८९

प्रिय भाऊ,
तुझ्या कलाचा इतक्या लांबून नमस्कार.

तू म्हणालास तसं 'तुम्ही' सोडून 'तू' लिहिते आहे. मी इथे मजेत आहे. दुपारी तीनला अंधार पडतो, सगळं शहर दिवे लावून बसतं. शेवेची भाजी करायचा प्रयत्न केला. वहिनीला सांगू नकोस काय झालं ते.

पेपरात वाचलंच असशील, बर्लिनची भिंत लोकांनी फोडली. आमच्या संस्थेत आठवडाभर कुणी धड काम केलं नाही. ज्या भिंतीवर सगळ्यांनी पुस्तकं लिहिली ती गेली. इथले मोठे प्राध्यापक चहाच्या खोलीत मला म्हणाले, "आता आपण सगळेच पहिलीत." मला भीती वाटायला हवी होती, भाऊ. दहा वर्षं शिकले ते जुनं झालं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. नव्यानं शिकायचं तर आपण एरंडोलचे आणि ते उप्सालाचे, दोघं एकाच बाकावर.

गेल्या सोमवारी माझं भाषण होतं. सगळ्यांनी आकडे, फौजा, करार मांडले. मी तुझी गोष्ट सांगितली. रागावू नकोस. एक देश घाबरून स्वतःला जपायला जातो, ते दुसऱ्याला हल्ल्यासारखं दिसतं, मग तोही घाबरतो. हा आमच्या विषयातला जुना पेच. पुस्तकात त्याची उदाहरणं सगळी रणगाड्यांची. मी म्हटलं, माझ्या भावानं मला वाचवायला नातं नाकारलं, मला वाटलं त्यानं मला टाकलं, आणि मी पाहुण्यासारखं पत्र लिहिलं. सभागृह हसलं. मग कुणीतरी विचारलं, "यातून बाहेर कसे पडलात?" तेव्हा मला कानबाई सांगावी लागली.

इथे माझ्या शेजारच्या खोलीत मारिया नावाची मुलगी बसते. तिला रोट समजावताना माझी पुरेवाट झाली. श्रावणात देवी बसते, नारळाची, नथ-बांगड्या घालून. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, चक्की धुऊन दळायचे, त्याचा रोट करायचा. तो फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा तो चालत नाही. मारिया म्हणाली, "म्हणजे तुमचा पासपोर्ट." मी म्हटलं, बाई, तू माझ्या आधी ओळखलंस.

कारण कानबाईला मी रोटाचं ताट घेऊन बसले होते, त्या दिवशी झालं ते तसंच. तू दारात उभा होतास, तुला परत चौकशीला आलेल्या रुपचंद शिपायाची फक्त पाठ दिसत होती. मला चेहरा दिसत होता. बिचारा घामाघूम, आधी सगळेच नाही म्हणाले आणि आता सगळेच हो म्हणून. म्हणाला, "मांगला टाईमले बठ्ठा नई म्हनेत, आते बठ्ठा हा म्हनतस. मी लिखू तरी काय?" सुगंधाबाईनं माझी हनुवटी धरून त्याला दाखवली, तरी त्याचा विश्वास बसेना. एकदा खोटं बोललेली गल्ली ती, कुणीही विश्वास ठेवणार नाही. मला वाटलं, संपलं. ऑक्टोबर गेला, स्वीडन गेलं.

मग त्याची नजर माझ्या ताटाकडे गेली. "हाऊ रोट शे का?" मी मान हलवली. त्यानं विचारलं, "कानबाईना?" वहिनी म्हणाली, "मंग कोना?" त्यानं टोपी काढली, देवीला हात जोडले आणि म्हणाला, "मंग इचारानं काय? पोर घरनीच शे." वहिनीनं त्याला दुसरं ताट वाढू का विचारलं, तेव्हा स्वतःच हसला. "नई वहिनी, रोट माले कसा चाली? मी परघरना." त्यानं तुझी आणि शेजाऱ्यांची सही घेतली, लापशी खाल्ली आणि गेला.

लग्नाला नाही म्हटल्याचा मला आयुष्यात एवढा उघड फायदा कधी झाला नव्हता. हे मी तेव्हाच म्हणणार होते, पण तुझा चेहरा बघून जीभ आवरली. आता समुद्रापलीकडून म्हणते.

एक गोष्ट तुला माहीत नाही की मला माहीत आहे. निघायच्या दिवशी स्टँडवर वहिनीनं सांगितलं. गहू काढताना तू तुझी मूठ घेतलीस, मुलांच्या घेतल्यास आणि मग आणखी एक घेतलीस. वहिनी म्हणाली, बाईमाणसाच्या नावाची मूठ घेत नाहीत. तू म्हणालास, "ती आते इतली दूर चालनी. तिनी मूठ मी नई लिधी ते कोन ली?" आणि चक्की धुवायला गेलास.

गाडी पारोळ्यापर्यंत गेली तरी मी रडत होते. शेजारच्या बाईला वाटलं, माहेर सुटलं म्हणून. मी सांगितलं, नाही, सापडलं म्हणून.

भाषणाच्या शेवटी त्या मोठ्या प्राध्यापकांनी मला आणखी दोन वर्षं राहायला सांगितलं. चांगली संधी आहे. विचारही केला. पण जळगावला आपलं विद्यापीठ होणार असं ऐकते. तिथे हा विषय सुरू करायचा तर कुणीतरी शिकवणारं पाहिजे. धुळ्याच्या त्या पोराला मला अजून उत्तर द्यायचं आहे, आणि आता ते मला थोडंफार येतं. मी जूनमध्ये परत येणार, असं त्यांना सांगून टाकलं.

तेव्हा पुढच्या कानबाईला माझ्या नावाची मूठ माझ्यासमोर घे. चक्की मी धुणार. ताट वाढून तू पळायचं नाहीस. बोलायला नाही सुचलं तर पिठाचं सांग, मला खरंच काही माहीत नाही.

कुणी पोलीस आला आणि विचारलं तर काय म्हणायचं, ते गल्लीला सांगून ठेव.

एरंडोलच्या सदर पत्त्यावरच राहणारी,
कला