बाहेरचा बाक

मिरजोळे, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

जय भीम. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. रसिकावहिनीने सगळं सांगितलंय, तिच्यावर ओरडू नकोस. राजीनामा खिशात घेऊन फिरतोयस म्हणे. सोमवारी साहेबांना देणार आणि मुंबई सोडून माझं बघायला येणार. अरे बाबा, माझं काय बघणार आहेस?

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, दीपालीला आता माझ्याशिवाय कोण आहे! तेव्हा भांडायला जीव नव्हता. पण सातवीपर्यंत तू मला पाठीवर घेऊन व्हाळाचं पाणी ओलांडायचास, तुझं दप्तर माझ्या गळ्यात असायचं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझ्या अपंगत्वाचा दाखला काढायचा दिवस आठवतो? सरकारी दवाखान्यात डॉक्टर मला नाव विचारायचे, सांगायचास तू. शिक्षण तू, वय तू. पाय कुठे दुखतो, तेही तूच! मग त्यांनी तुला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. केवढा फुगलास! एसटीत आपलं गुहागर येईपर्यंत मी घेतलेला वडासुद्धा खाल्ला नाहीस.

त्या दाखल्यावरच पुढचं सगळं झालं. सहज नाही हं, खेटे घालून चपला झिजल्या. पण पायाला आधाराचं कॅलिपर मिळालं, शिवणाचं सरकारी प्रशिक्षण मिळालं आणि तिथल्या सगुणा मॅडमनी इथल्या कारखान्यात माझं नाव दिलं. माझ्या मशीनचा पायाने दाबायचा खटका कारखान्याने हाताशी बसवून दिलाय. आता दिवसाला साठ गणवेशांच्या कॉलरी लावते. खोली तळमजल्यावर आहे, मोरीत धरायला दांडा मी स्वतः गवंड्याकडून बसवून घेतला. गेल्या महिन्यात ओल्या जांभ्या दगडावर सपशेल आपटले, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दहा मिनिटं लागली, पण उठले माझी मी. आणि रडले नाही, उलट हसू आलं.

आता खरं सांगते. डॉक्टरांनी तुला त्यांच्या मनाने बाहेर काढलं नव्हतं. तू झेरॉक्स काढायला गेलास तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, दादाला थोडा वेळ बाहेर बसवा, मला बोलायचंय. इतकी वर्षं हे सांगायचं धाडस झालं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले आणि आता त्यामुळेच तू नोकरी सोडायला निघालास. फाड तो कागद. दिवाळीत मात्र नक्की ये. समाजकल्याणच्या योजनेतून बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर मिळालीय. स्टेशनवर मीच घ्यायला येईन. या खेपेला मागे तू बस, दप्तर धरून.

तुझीच, पाठीवरून उतरलेली,
दीपाली