दामूतात्या काशीला पोचले का?

६ जुलै १९६३, शनि. मु. धाड

शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्याची कटकट शेवटी माझ्याच गळ्यात पडली. मु.अ. म्हणाले, पालक फी भरून आपल्या खाजगी शाळेत पोरं घालतात, तर घरी काय वाचावं, काय ऐकावं हेही शाळेनंच सांगितलं पाहिजे. म्हटलं, कालवण काय करावं तेही लिहू का? मु.अ. हसले नाहीत. ते हसले तर बहुतेक त्यांच्या पगारातून कापतात.

तर आता दर शनिवारी फळा, आणि सोबत पुस्तकांची पत्र्याची पेटी. पेटी घरोघर फिरणार. घरात एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुस्तकं संस्थेच्या सचिवांनी दिली आहेत, सगळी ज्ञानवर्धक. चाळून पाहिली. जांभई आवरेना. मग घरून आणून एक माझं टाकलं, 'दामूतात्यांची काशी'. बाबांचं पुस्तक. पुठ्ठ्यावर चिठ्ठी डकवली: शेवटची पानं नाहीत, माफी असावी.

फळा असा झाला. वाचायला: दामूतात्या. नुकतं जेवलेल्यांनी जपून, ठसका लागेल. ऐकायला: बुधवारची रेडिओवरची विनोदी श्रुतिका. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्यानं ओट्यावर ठेवावा आणि शेजाऱ्यांना चहाची अपेक्षा नाही असं आधीच सांगावं.

घरी आलो तर माय दारातच. रोजचा प्रश्न, "दिवस कसा गेला रे बाबू?" म्हटलं, गेला.

१३ जुलै, शनि.

पेटी पहिल्यांदा ताठ्यांकडे. भाजीचा मळा, माणसं ढीगभर, वाचणारी एकटी सहावीतली लीला. आज वर्गात म्हणाली, "गुरुजी, तात्या अजून येशीतच हाये." अख्खा वर्ग हसला. ज्यांनी वाचलं नाही तेही.

खरंच आहे तिचं. तात्या छत्री आणि तांब्या घेऊन काशीला निघतो, आणि जो भेटतो तो म्हणतो, जाताच आहात तर माझं एवढं काम करा. कुणाचं लुगडं पोचवायचं, कुणाची शेळी शोधायची, कुणाच्या जावयाची समजूत काढायची. पुस्तक संपत आलं तरी वेस ओलांडत नाही. नाही म्हणता येत नाही बिचाऱ्याला. आमच्या मु.अ.समोर मला येत नाही तसंच.

लीला बोलली आणि मला वरवट बकालचं दुकान आठवलं. बाबांचं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी घ्यायचे, त्यात हे पुस्तक आलं. मागून एकेक पान फाडून हळद बांधत होते, आणि एका ओळीवर नजर गेली. हसू आलं. हात थांबला. तोवर शेवट गावभर गेला होता, हळदीसकट. मग किती दिवस गिऱ्हाइकांना सांगायचे, पुडी जपून सोडा अन् कागद आणून द्या. एका म्हातारीनं मोठ्या प्रेमानं आणून दिला. पिवळाधमक. पंचांगाचं पान निघालं.

आज दिवसभर नाकात हळदीचा वास आहे. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली.

२७ जुलै, शनि.

ताठ्यांकडे फाटल्या पानापाशी गाडी अडली. तात्या वेशीवरच्या पिंपळाखाली बसलाय, एक पाय वहाणेत, एक बाहेर. पुढे पानंच नाहीत. म्हातारे ताठे म्हणाले म्हणे, थांबा, मी सांगतो. त्यांच्या तात्यानं तिथंच वाफे पाडले, मिरची लावली, काशी राहिली. मळेवाल्याच्या घरी दुसरं काय होणार.

पेटी आता वानखडे कंडक्टरांकडे. घरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पोरांची पुस्तकं ओळीनं लावलेली. स्वतः वानखडे ड्युटीवरून आले की खाकी कपड्यातच वाचायला बसतात, वहिनी सांगत होत्या.

फळा: टूरिंग टॉकीजवाल्यानं तंबू ठोकलाय. चित्र बरं आहे, रडारड कमी. सतरंजी घरची न्यावी. पुढं बसू नये, मान दुखते आणि नायिका तिरपी दिसते.

१० ऑगस्ट, शनि.

वानखड्यांनी तात्याला मोटारीत बसवून दिलं! तात्याच्या काळात मोटार होती का, हे विचारायची सोय नाही. म्हणाले, "गुरुजी, मानूस रस्त्यावर उभा हाये, जायाचं म्हून राह्यला, अन् मी बेल मारून निघून जाऊ?" बरोबरच आहे. काशीला पोचला त्यांचा तात्या, सुटे पैसे परत घेऊन.

आता मधल्या सुट्टीत दोन पक्ष. पोचला आणि नाही पोचला. लीला ताठे पहिल्याच फळीत.

२४ ऑगस्ट, शनि.

आज बोबडी वळली. वर्गात लीलाच म्हणाली, "गुरुजी, पुस्तक तर तुमचं. मंग तुमच्या घरी शेवट काय होता?"

बाबा पोत्यावर बसून वाचायचे, ते आठवतं. दुकान मिटवून आल्यावर, दिवेलागणीला. मी आणि अक्का समोर. माय चुलीशी, भाकरीची थापथाप. फाटकं पान आलं की आम्ही दोघं ओरडायचो, मग? मग कुणीतरी पुढचं सांगायचं, म्हणजे बाबाच, आणि हसून हसून पोट दुखायचं. एकदा अक्का रडलीही होती. सगळं आठवतं. फक्त शेवट आठवत नाही. एक शब्दही नाही.

पोरांना म्हटलं, गणित काढा.

घरी येताना स्वतःचाच राग आला. बाबांचा फोटो नाही घरात, एकही काढला नव्हता. आवाज म्हणून एवढंच एक होतं, तेही मी कुठं सांडलं? माझ्यासारखा गाढव मीच.

"दिवस कसा गेला रे बाबू?" माय. गेला म्हटलं. जेवलो नाही नीट. सौ.नं विचारलं, तिला सांगितलं सगळं. माय तिथंच तांदूळ निवडत बसली होती, गालात हसली. म्हातारपणी माणूस कशालाही हसतं.

७ सप्टेंबर, शनि.

प्रकरण सचिवांपर्यंत गेलं. पोचला-नाही पोचलावरून दोन पोरांच्या सदऱ्यांच्या गुंड्या तुटल्या. सचिव म्हणाले, असली थिल्लर पुस्तकं म्हणूनच नकोत. खरा शेवट मागवा, प्रार्थनेच्या वेळी एकदाचा वाचून दाखवा आणि पेटीतून ते पुस्तक काढा. मग खालच्या आवाजात, "तसा काय आहे हो शेवट? आमच्या घरी विचारून राह्यले." म्हणजे सचिवांकडंही पेटी चोरून पोचली वाटतं.

अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला कार्ड टाकलं. टाकताना वाटलं, नको मिळायला. छापलेला शेवट एकदा वाचला की बाबांचा कायमचा गेला. पोरांचं भांडण मिटेल, पण माझं काय?

२१ सप्टेंबर, शनि.

वरवटचे बाबांचे एक दोस्त आज बाजारात भेटले. चहा पाजला, विचारलं. म्हणाले, "तुहा बाप वाचे लय गोड. पन सोताहून गोष्ट सांगतली असं काई मले आठवत नाई बुवा. लाजरा मानूस." म्हातारे झालेत, विसरले असतील. अक्काला विचारायला हवं. भाऊबीजेला येतेच आहे सासरहून, बीबी गावाहून.

फळा आज रटाळ झाला. 'वाचनीय' असा शब्द लिहिला. लिहून स्वतःच पुसला.

५ ऑक्टोबर, शनि.

अकोल्याहून पार्सल आलं. सुतळीनं बांधलेलं. वरून चाचपलं, जाड आहे, म्हणजे अख्खं असणार. फडताळात ठेवलं. सौ. म्हणाली, सोडा की. म्हटलं, अक्का येऊ दे.

सचिवांना सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी वाचतो. ते खूश. मु.अ.सुद्धा हसले. नोंद करून ठेवतो.

१९ ऑक्टोबर, शनि. भाऊबीज

अक्का सकाळच्या मोटारीनं आली. ओवाळलं, करंजी तोंडात कोंबली आणि मी करंजीसकटच विचारलं, बाबा शेवट काय सांगायचे गं?

तिनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "बाबा? बाबा फाटल्या पानापर्यंत वाचे, अन् पुस्तक मिटून मांडीवर ठेवे. पुढचं माय सांगे, इसरला का तू? भाकर थापता थापता. तिच्याकडं पाठ करून बसे तू, बाबाच्या तोंडाकडं पाहत. तुले वाटलं का सारं तिथूनच येऊन राह्यलं?"



माय न्हाणीघराशी तांब्यापितळेची भांडी घासत होती. तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. म्हटलं, माय, मी ऑगस्टपासून डोकं फोडतोय, तू बोलली का नाहीस? ती हात न थांबवता म्हणाली, "तू इचारलं कुठं मले? तू तं तुह्या बापाले शोधून राह्यला होता. मी काऊन मधात येऊ?"

तिला अक्षर येत नाही. म्हणून फळ्यावर काय लिहिलं ते मी तिला कधी वाचूनही दाखवलं नाही. दर शनिवारी घरचा दरवाजा ओलांडून गावाला सांगायला जातो, घरी मोठ्यानं वाचा म्हणून.

म्हटलं, बरं, आता सांग. शेवट काय होता?

ती हसली. "एकच कुठं होता रे? रोजचा येगळा. तुहा बाप थकून आला, कोनी गिऱ्हाईक वाकडं बोलून गेलं, का त्या दिवशी मी तात्याले काशीले पोचवत होती. दिवस चांगला गेला असला का ठेवत होती तिथंच पिंपयाखाली, उद्याले हसाले. तुहा बाप घरात आला का मी पह्यलं तेच इचारत होती त्याले, दिवस कसा गेला म्हून."

अक्का म्हणाली, तिच्या आठवणीत तात्या एकदा काशीला जाऊन तिथंच राहिला होता, परत आलाच नाही. मायनं घासलेला तांब्या पालथा घातला. मग म्हणाली, "थो दिवस लय वंगाळ होता." कोणता, ते आम्ही विचारलं नाही. मग सौ.नं जेवायला हाक मारली.

२० ऑक्टोबर, रवि.

अक्का गेली. मोटारीत चढताना म्हणाली, मले कळवजो काय झालं ते.

मायच्या मागं लागलो. एक तरी सांग, कोणताही. ऐकेना. "असं मधूनच कसं सांगू? नळाचं पानी हाये का? तू वाच पह्यल्यापासून. मंग पाहू."

पेटी फिरून पुन्हा वानखड्यांकडे गेली होती, ती आणायला गेलो. वहिनी म्हणाल्या, आता कुणाचं घर? म्हटलं, आमचं. माझं घर मी फेरीत धरलंच नव्हतं. मास्तराला कशाला पेटी, असं वाटलं असेल.

२४ ऑक्टोबर, गुरु.

रोज दिवेलागणीला वाचतोय. पहिल्या दिवशी वर्गात वाचतो तसं खणखणीत वाचलं. माय म्हणाली, "तुहा बाप असा वरडत नोता." आवाज उतरवला. शेळीच्या प्रकरणाला सौ. इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं. वाईटही वाटलं, आधी का नाही.

मध्येच एका पानावर हळदीचं बोट सापडलं. बाबांचं असणार. त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. त्यांचं मोठं होतं.

३ नोव्हेंबर, रवि.

उद्या शाळा. सकाळीच सचिवांचा निरोप, शेवट वाचायचा लक्षात आहे ना, त्यांच्या घरची मंडळीही प्रार्थनेला येणार आहेत. दुपारी म्हातारे ताठे वांगी घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, छापेल शेवट वाचसान तं वाचा, पन आमच्या मिरच्या उपटू नोका." आणि बसले. मग वानखडे आले, खाकीतच. त्यांनाही तेच सांगायचं होतं बहुतेक, पण ताठ्यांना पाहून नुसतं पाणी मागितलं.

पार्सल फडताळात तसंच आहे. सकाळी एकदा सुतळीच्या गाठीला हात लावला होता. बरीच घट्ट आहे. उद्या प्रार्थनेला हातात ते घेऊन जाईन की रिकाम्या हातानं, ठरत नाही. ठरेल.

दिवेलागणीला वाचायला बसलो. सौ. समोर. माय चुलीशी. मी मुद्दाम जागा बदलली, तिचं तोंड दिसेल असा बसलो. तात्या वेशीवर आला, पिंपळाखाली टेकला. एक पाय वहाणेत, एक बाहेर. पान संपलं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मग?" सौ. म्हणाली.

मायनं तव्यावरची भाकर उलटली. हात पुसले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"दिवस कसा गेला रे बाबू?"

मी गेला म्हणणार होतो. तोंडावर आलं होतं. मग सांगायला लागलो, सकाळपासून सगळं.