नकाशाला कुलूप लाव

प्रिय शीतल,

पीठ चाळताना हा कागद हाताला लागेल. आधी दार लाव, मग वाच. खोलीतल्या मैत्रिणीला माझ्या अक्षराला हसायचं असेल तर नंतर हसू दे. दुसरीपर्यंतची शाळा आणि सुट्टीत तू घेतलेली शिकवणी, एवढ्यावर जेवढं जमलं तेवढं लिहिलं आहे. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही.

काम आधी सांगते, कारण माझा जीव थाऱ्यावर नाही. गावाचा नकाशा बंद कर. पुसू नकोस, बघायला राहू दे, पण कोणालाही त्यात बोट घालता येणार नाही असं कर. तूच सांगितलं होतंस ना, नुसते बघणारे वेगळे, बदल करणारे वेगळे आणि मालक वेगळा. मालक तू आहेस. मग मालकिणीसारखी वाग. सगळ्यांना सगळं देऊन तू जळगावला जाऊन बसलीस आणि इथे आमचं वावर चालायला लागलं आहे.

थट्टा नाही करत. परवा अंगणवाडीच्या सारिकाने तिथे मोबाईलवर नकाशा उघडला. सुगंधाबाई सहज डोकावली, कारण तिला तिच्या वावराचा हिरवा चौकोन बघायला आवडतो. नवरा गेल्यापासून त्या वावराशिवाय तिला दुसरं कोण आहे? तर चौकोन नाल्याच्या पलीकडे, जंगलखात्याच्या तारेच्या आत जाऊन बसलेला. ती म्हणाली, "हाई मनं वावर नही." सारिकाने तिला नाव वाचून दाखवलं. नाव तिचंच होतं. मग ठाकऱ्या आबाचं बघितलं. ते वाळल्या शेंगेएवढं झालेलं. आबाला अशा वेळीसुद्धा जीभ आवरत नाही. म्हणाला, "मना वावरले ताप येल शे का, इतलं रोडायनं?" चार बाया हसल्या. सुगंधाबाई नाही हसली. मीही नाही. कारण मी खाली बघत होते, टेकडीच्या पायथ्याशी. तिथला निळा ठिपका नव्हता.

निळं म्हणजे पाणी, हे तूच मला शिकवलं होतंस. तो ठिपका मी तुला माझ्या हाताने लावायला सांगितला होता. वैशाखात सगळ्या विहिरी तळाला जातात तेव्हा त्या झिऱ्यावर अख्खा पाडा जगतो. तुझ्या बापाला मी त्याच पाण्याने पहिली अंघोळ घातली.

पोळा झाला की वनहक्काच्या दाव्याचे मोजणीवाले येणार आहेत. हाच नकाशा हातात धरून ते चालणार, असं सभेत ठरलं. नकाशात वावर असेल तिथे पाय ठेवतील, कोरं असेल तिथे मान वळवूनही बघणार नाहीत. आणि आता नाल्यापासून टेकडीपर्यंतचा सगळा पट्टा कोरा झाला आहे. त्याच टेकडीवर खडी फोडायची मशीन बसवायची म्हणून पांढऱ्या गाडीतली माणसं चकरा मारतात. आधी ती रस्त्यावरूनच बघून जायची. आता उतरतात, चहा मागतात, घरात किती माणसं आहेत ते विचारतात. परवा एकाने मला विचारलं, आजी, नकाशा काढणारी पोरगी तुमचीच ना, जळगावला कुठे राहते? मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. त्याने तेच पुन्हा हसत हसत विचारलं.

तुला आठवतं ना, सभेत तू काय म्हणाली होतीस? बदल करायचा हक्क दोघातिघांनाच ठेवू, बाकीचे बघतील. त्यावर ठाकऱ्या आबा उठला. आपल्याकडे मोहाच्या झाडाला एकाने गवताची गाठ मारली की त्या वर्षी फुलं त्या घराची. झाडाखाली फुलांचा सडा पडला तरी दुसरा वाकत नाही. तो म्हणाला, इतक्या वर्षांत कोणी कोणाची गाठ सोडली का? मग नकाशात कोण सोडेल? दोघातिघांना देऊन बाकीच्यांना चोर ठरवतेस का? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तू पघळलीस. पायरीवर बसून घराघराचं नाव घातलंस. इतकी शिकून म्हाताऱ्याच्या एका बोलण्यावर गप्प बसलीस, हे मला तेव्हाच आवडलं नव्हतं. पण आबाचंही खोटं नव्हतं गं. गाठ सोडायला झाडापाशी जावं लागतं. जाताना कोणीतरी बघतं, हात लावताना स्वतःलाच लाज वाटते. इथे नुसतं बोट सरकवायचं असतं.

आता इथलं ऐक. लोक एकमेकांकडे तिरके बघायला लागले आहेत. शेजारच्या जीवरामची बायको पाण्यावर माझ्याशी बोलली नाही. ठाकऱ्या आबाने थट्टा सोडली, आणि आबा गप्प बसला की मला जास्त भीती वाटते. सुगंधाबाई आपल्या दारात येऊन रडली. तिला घरातून उत्तर मिळालं, नेटवर्कची गडबड आहे काकू, आपोआप जागेवर येईल. ती बिचारी पदर पुसत गेली. मी चुलीपुढे होते. वावर नेटवर्कने सरकत नाही एवढं मलाही कळतं.

तू म्हणशील, आजी, फोन का नाही केलास? फोन घरात एकच आहे, आणि तो कोणाच्या खिशात असतो ते तुला माहीत आहे. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही आणि तिला कळवूही नकोस, तिचा चेहरा लगेच बोलतो. ही पिशवी नेहमीसारखी शिरपूरला जळगावच्या गाडीत ठेवली जाईल. ठेवणाऱ्याने पिठात हात घालू नये एवढंच मागते आहे.

तू सांगितलं होतंस की नकाशात जुनं परत आणता येतं, आणि कोणी काय हलवलं ते नावासकट दिसतं. म्हणून हा कागद. तू ते उघडशील तेव्हा तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा दिसेल, बादल. तुझा बाप. यंत्राने तुला सांगायच्या आधी मी सांगावं, आणि तू तिथल्या तिथे किंचाळून फोन करू नयेस, म्हणून लिहिलं. अंगणवाडीत कळलं त्याच्या आदल्या दुपारी मी खाटेवर डोळे मिटून पडले होते. तो शेजारी बसला, गाडीतला एक जण उंबऱ्यात उभा होता. पापण्यांच्या फटीतून मी बघितलं. त्याने निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, थांबला, आणि ठिपका गेला. त्याला लालूच आहे की धाक, मला ठाऊक नाही, आणि झिऱ्याला त्याने फरक पडत नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "माय, झोपनी का?" माझ्या पोटचा पोर, शीतल, आणि मी श्वास धरून मेल्यासारखी पडून राहिले. म्हणून सांगते, एकट्या त्याचा हक्क काढू नकोस. काढलास तर कोणी बघितलं ते त्याला लगेच कळेल. बठ्ठ्यांचा, सगळ्या गावाचा काढ, आबाचा काढ, आपल्या घराचा काढ. जुनं सगळं जागेवर आण, ठिपकासुद्धा. मोजणीवाले येऊन जाईपर्यंत इकडे फिरकू नकोस, राहायची जागा कोणाला सांगू नकोस. बापालाही नाही. सुगंधाबाईला कोणी फसवलं ते मी तिच्या तोंडावर सांगेन, ते काम माझं आहे, पण आधी कुलूप. कुलूप लागलं की नेहमीसारखा फोन कर. तो शेजारीच उभा असेल. तेव्हा एवढंच म्हण, आजी, पीठ बारीक आलं. मी म्हणेन, जात्याला नवीन टाकी मारून घेतली. त्या रात्री तरी मी खरोखर डोळे मिटेन.

कागद चुलीत घाल.

तुझीच, अजून जागी असलेली,
आजी