डावीकडे लेझर, उजवीकडे ब्लेड

आचोळे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनालीवहिनी,

नमस्कार. बाबांचा गुडघा आता बरा आहे. दादाला सांग, खाडीकडच्या वाडीत यंदा वांगी भरपूर धरलीत. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाही. बोलायला लागले की मी रडणार आणि तू मला नेहमीसारखी गुंडाळणार.

माझ्या हिरड्या बघून तू म्हणाली होतीस, "काळ्या पडल्यात, हे लक्षण बरं नाही. वरचा काळा थर वेळीच काढू." मी घाबरले आणि खुर्चीत बसले. डावीकडे लेझर, उजवीकडे ब्लेड. असं का, ते विचारलंही नाही. घरचीच डॉक्टर, तिला काय विचारायचं? लेझरच्या बाजूला रक्त आलं नाही, पण जखम भरता भरेना. ब्लेडच्या बाजूला रक्त आलं, वर तो गुलाबी लेप, पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी. तरी तीच आधी बरी झाली. तू रोज विचारायचीस, "कुठली बाजू जास्त दुखते गं?" केवढी माया करते माझी वहिनी, असं मी शेजारच्या विघ्नेशलाही सांगितलं.

परवा लविना भेटली. माझ्या वर्गातली, ती आता दातांची डॉक्टर झालीय. दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत तुझ्या भाषणाला ती आली होती.

"पडद्यावर तुझंच तोंड होतं गं. डोळे झाकलेले, पण ओठावरचा तीळ कसा लपेल? लेझर बरं की ब्लेड, त्याची तुलना होती. रंग कुठल्या बाजूला आधी परततो, तेवढंच बघायचं राहिलंय म्हणाल्या. मॅडमना टाळ्या पण जाम पडल्या."

"पण मला आजार होता ना?"

"कसला आजार? नुसता रंग गं. जन्माचाच असतो."

वहिनी, आईच्या हिरड्या अशाच होत्या, जांभूळ खाल्ल्यासारख्या. तिची दाढ तूच काढली होतीस, म्हणजे तुला ठाऊक होतं. दादाला तिचं नाक मिळालं, मला तिचं हसू. ते तू खोटं बोलून खरवडलंस. मागितलं असतंस ना, तर आनंदाने आ वासून बसले असते मी. तुझ्यासाठी नाही म्हटलंय कधी?

काल आरशात बघितलं. एका बाजूला दोन दातांच्या मधे काळा ठिपका परत आलाय. कुठल्या बाजूला, ते तुला कधीच कळणार नाही.

मला धाकटी बहीण म्हणायचीस. ते आता राहू दे.

तुझी नणंद,
क्षितिजा